तालमीचा एक तास
(नभोवाणीवरील भाषण, बालाघाट)

बालाघाटात राहून पाश्चात्त्य वाद्यवृंदाविषयी बोलू लागणे म्हणजे वैनगंगेच्या काठी बसून समुद्राच्या भरती-ओहोटीची चर्चा करणे होय, असे कोणी म्हटल्यास त्याला मी दोष देणार नाही. आपल्याकडे धानाची शेती आहे, भरवेलीची मँगनीजची खाण आहे, गावोगावची भजनी मंडळे आहेत आणि चार घरांआड एखादी जुनी पेटीही सापडते. परंतु साठ-सत्तर वादक एका रंगमंचावर बसले आहेत, प्रत्येकापुढे लिहिलेला कागद आहे आणि एक मनुष्य हातात छडी घेऊन, स्वतः एकही स्वर न वाजवता, त्या सर्वांना चालवीत आहे, असे दृश्य पाहावयाचे तर मुंबईचीच वाट धरावी लागते.

तरीही गेल्या पावसाळ्यात आम्ही पाच-सहा मंडळींनी एक खटाटोप केला. १९१९ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २७ तारखेस लंडनमधील क्वीन्स हॉल या सभागृहात एक कार्यक्रम झाला होता. त्यात एक प्रतिष्ठा पावलेली सिंफनी होती आणि त्याच सभेत प्रथमच लोकांच्या कानी पडणारा एक चेलो-कॉन्चेर्टो होता. या दोन रचनांची ध्वनिमुद्रणे आज सहज मिळतात. ती आम्ही एका संध्याकाळी, मध्ये चहापुरती विश्रांती घेऊन, एकापाठोपाठ ऐकली. मंडळींत एक निवृत्त शिक्षक होते, एक वकील होते, महाविद्यालयात शिकणारी त्यांची कन्या होती आणि भजनात उभी हयात तबला वाजविलेले एक वयोवृद्ध बुवा होते. बुवांनी सिंफनी हा शब्द ऐकला होता. सिंफनी मात्र ऐकली नव्हती. त्या संध्याकाळी काय घडले ते मी शेवटी सांगणार आहे. आधी लंडनच्या त्या सभेकडे वळू, कारण एका नव्या रचनेचे नशीब एका तासाने कसे फिरते याची ती हकीकत आहे.

दोन शब्दांचा खुलासा प्रथम केला पाहिजे. सिंफनी ही साऱ्या वाद्यवृंदाची मिळून एक दीर्घ रचना असते. तिचे बहुधा चार भाग असतात आणि त्यांत कोणा एका वाद्याचा मान विशेष नसतो. कॉन्चेर्टोमध्ये एक वाद्य पुढे येते आणि उरलेला वाद्यवृंद त्याच्याशी बोलतो. ही जुगलबंदी नव्हे, आणि आपण जिला साथ म्हणतो तीही नव्हे. आपल्या मैफलीत सारंगीवाला गवयाच्या मनाचा कल ओळखून त्याच क्षणी वळतो. येथे साठ साथीदारांचा प्रत्येक स्वर आधीच लिहून ठेवलेला असतो, आणि त्या सर्वांनी एकाच क्षणी श्वास घ्यावा एवढ्यासाठी संचालकाची योजना असते.

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील मोठे भावंड. खुर्चीवर बसून, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून, आडवा गज ओढून ते वाजवितात. त्याला चार तारा असतात, आणि त्याचा आवाज पुरुषाच्या गळ्याच्या खर्जापासून निघून स्त्रीच्या तार आवाजापर्यंत पोहोचतो. मानवी कंठाशी याइतके जवळचे नाते सांगणारे दुसरे वाद्य आपल्याकडे सारंगी हेच. पण या गुणातच चेलोचे दुखणे आहे. त्याचा आवाज वाद्यवृंदाच्या ऐन मध्यावर पडतो. व्हायोलिन वरून चमकून जाते, पितळी वाद्ये भिंत फोडून बाहेर येतात. चेलो मात्र इतरांनी थोडा आवाज चढविला की बुडालाच समजावा. म्हणून चेलोसाठी कॉन्चेर्टो लिहिणाऱ्याला वाद्यवृंद सतत आवरून धरावा लागतो. आणि आवरून वाजविणे हे मोठ्याने वाजविण्यापेक्षा फार अवघड असते. त्याला तालीम लागते.

आता त्या सभेकडे येऊ. कॉन्चेर्टोचे रचनाकार होते सर एडवर्ड एल्गार. १८९९ साली ‘एनिग्मा’ या नावाच्या रचनेने त्यांची कीर्ती झाली, १९०४ साली त्यांना सरदारकी मिळाली, आणि पहिल्या महायुद्धापूर्वीच्या इंग्लंडचा सारा डामडौल त्यांच्या संगीतात उतरला असे लोक मानीत. महायुद्धाने ते इंग्लंड पुसून टाकले. मार्च १९१८ मध्ये, साठी ओलांडलेल्या एल्गार यांच्या घशातील गाठींवर लंडनच्या एका शुश्रूषागृहात शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी कागद-पेन्सिल मागून एक धून टिपून ठेवली. पुढे ससेक्स परगण्यातील ब्रिंकवेल्स नावाच्या एका रानातल्या घरात राहून त्यांनी त्या धुनेचा हा कॉन्चेर्टो केला. खाडीपलीकडे फ्रान्समध्ये चाललेल्या तोफांचा आवाज त्या घरापर्यंत येई असे सांगतात. कॉन्चेर्टोत तोफा नाहीत. त्यात आहे तो तोफा थांबल्यानंतर रिकाम्या घरात बसलेल्या माणसाचा सूर.

वाद्यवृंद होता लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा. या संस्थेच्या जन्मकथेचा आपल्या विषयाशी संबंध आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. त्या काळी लंडनमध्ये बदली वादक पाठविण्याची चाल होती. एखाद्याला दुसरीकडे जास्त पैशांचे काम मिळाले की तो तालमीला आपल्या जागी दुसराच कोणी पाठवी. कधी तालमीला एक वादक आणि प्रत्यक्ष सभेला दुसरा, असाही प्रकार होई. क्वीन्स हॉलचे संचालक हेन्री वुड यांच्या वाद्यवृंदात ही चाल बंद करण्यात आली, तेव्हा चाळीसहून अधिक वादक रुसून बाहेर पडले आणि १९०४ साली त्यांनी स्वतःच्या मालकीचा वाद्यवृंद काढला. तोच हा लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा. म्हणजे तालीम चुकविण्याच्या हक्कासाठी झालेल्या भांडणातून जन्मलेली ही संस्था, आणि तिच्याच हातून तालमीअभावी एक थोर कृती घायाळ झाली! पुढे हीच संस्था जगातील उत्तम वाद्यवृंदांत गणली गेली, हेही लगेच सांगितले पाहिजे.

युद्धानंतरच्या पहिल्या हंगामाची ही पहिली सभा. तिचे मुख्य संचालक होते अल्बर्ट कोट्स. जन्माने सेंट पीटर्सबर्गचे, रक्ताने इंग्रज, आणि रशियन संगीताचे निस्सीम पुरस्कर्ते. त्यांच्या वाट्याला बोरोदिन यांची दुसरी सिंफनी आणि स्क्रियाबिन यांचे ‘परमानंदाचे काव्य’ ही प्रचंड रचना होती. एल्गार यांचा कॉन्चेर्टो स्वतः एल्गारच चालविणार होते आणि चेलोवर होते फेलिक्स साल्मंड. तालमीची वेळ दोघांत वाटून दिलेली होती. कोट्स यांनी आपला वाटा संपल्यावरही स्क्रियाबिन सोडले नाही. सुमारे तासभर ते पुढे चालूच राहिले. एल्गार आपली वही घेऊन बाजूला तिष्ठत बसले. त्यांच्या पत्नी लेडी अ‍ॅलिस यांनी आपल्या दैनंदिनीत कोट्सविषयी जे शब्द लिहिले ते नभोवाणीवरून उच्चारण्याजोगे नाहीत. एल्गार त्या दिवशी रचना मागे घेण्याच्या विचारात होते; साल्मंडने एवढी मेहनत केली आहे, ती वाया जाऊ नये, एवढ्यासाठी ते थांबले.

सभा झाली. सिंफनी चांगली वाजली. स्क्रियाबिनही गाजला. आणि कॉन्चेर्टो? अर्नेस्ट न्यूमन या नामांकित समीक्षकाने स्वच्छ लिहिले की एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाने स्वतःची अशी केविलवाणी स्थिती क्वचितच करून घेतली असेल. रचनेचा दोष नाही, ती वाजविली गेलीच नाही. लोकांनी बेताच्याच टाळ्या वाजविल्या. पाच महिन्यांनी, एप्रिल १९२० मध्ये, लेडी अ‍ॅलिस वारल्या. एल्गार त्यानंतर चौदा वर्षे जगले, पण या तोलाची दुसरी मोठी कृती त्यांच्या हातून पूर्ण झाली नाही.

येथे कोट्स यांना खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे आणि बहुतेक चरित्रकारांनी तेच केले आहे. मला ते पुरते पटत नाही. स्क्रियाबिन १९१५ साली वारले होते. त्यांची ती रचना १९०८ची, म्हणजे लंडनच्या कानांना जवळजवळ नवीनच, आणि तिला लागणारा वाद्यमेळ अवाढव्य. ती कच्ची राहिली असती तर हाच बोल उलट बाजूने लागला असता. दोन नव्या रचना एका सकाळच्या तालमीसाठी भांडल्या आणि ज्याच्या हाती छडी आधी होती तो जिंकला, एवढाच त्याचा अर्थ. दोष असेल तर कार्यक्रमाची आखणी करणाऱ्यांचा आहे. अशी गर्दी एका सभेत करू नये, हे सभागृहाचा हिशेब पाहणाऱ्यालाही कळायला हवे होते.

भांडणाबाहेर कोण राहिले? बोरोदिनची सिंफनी. ती वादकांच्या हातात बसलेली होती. पण श्रोतेहो, तिचाही जन्म असाच झाला होता, हे त्या रात्री टाळ्या वाजविणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? अलेक्झांडर बोरोदिन हे पेशाने रसायनशास्त्राचे प्राध्यापक. प्रयोगशाळा, विद्यार्थी आणि घरी येऊन राहणारे नातलग यांतून उरलेल्या वेळात ते संगीत लिहीत. ही सिंफनी लिहायला त्यांना सहा-सात वर्षे लागली. १८७७ साली सेंट पीटर्सबर्गला ती प्रथम वाजली तेव्हा पडली. पितळी वाद्यांचे काम त्यांनी इतके दाट लिहिले होते की वादकांना ते पेलले नाही. बोरोदिनने ते काम विरळ केले, आणि १८७९ साली रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या संचालनाखाली ती पुन्हा वाजली तेव्हा लोकांनी तिला उचलून धरले. म्हणजे १९१९च्या सभेतील ‘जुनी, भरवशाची’ रचना ही एकदा पडून उठलेली नवी रचनाच होती. तिला दुसरी संधी दोन वर्षांत मिळाली. एल्गारच्या कॉन्चेर्टोला मनासारखा न्याय मिळायला याहून फार अधिक काळ जावा लागला.

मधल्या काळात तो अगदीच अडगळीत पडला होता असे नाही. बिअ‍ॅट्रिस हॅरिसन या चेलोवादिकेने एल्गार यांच्याच संचालनाखाली त्याची ध्वनिमुद्रिका केली. प्रथम त्या काळच्या तबकडीच्या तोकड्या लांबीमुळे काटछाट करून, आणि १९२८ साली संपूर्ण. याच बाईंनी १९२४ साली आपल्या बागेत बसून चेलो वाजविला, झाडीतून नाइटिंगेल पक्षी त्यांना साथ देऊ लागला आणि बी. बी. सी.ने तो प्रसंग घरोघर पोहोचविला. तो पक्षी खरा होता की पक्ष्यांचे आवाज काढणारा कोणी कलावंत, याविषयी अलीकडे वाद निघाला आहे. माझ्यापुरते म्हणाल तर तो खराच असावा अशी माझी इच्छा आहे.

आणखी एक गोष्ट. १९१९च्या त्या रात्री वाद्यवृंदातील चेलोंच्या रांगेत एकोणीस वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याचे नाव जॉन बार्बिरोली. तो गोंधळ त्याने डोळ्यांनी पाहिला, कानांनी ऐकला. पुढे तो मोठा संचालक झाला. १९६५ साली, शेहेचाळीस वर्षांनी, त्याच लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रापुढे छडी घेऊन तो उभा राहिला तेव्हा चेलो घेऊन समोर बसली होती वीस वर्षांची जॅकलिन द्यु प्रे. ते ध्वनिमुद्रण जगभर गेले आणि या रचनेचा वनवास संपला. बाई पुढे दुर्धर आजाराने पंगू झाल्या आणि १९८७ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, निवर्तल्या. १९६९ साली लंडनमध्ये शूबर्टच्या ‘ट्राउट’ या पंचवादनाचा एक चित्रपट निघाला. त्यात त्यांच्या शेजारी भल्यामोठ्या डबल-बेसवर गज ओढीत हसतमुखाने उभे राहिलेले गृहस्थ म्हणजे आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. ज्यांना हे संगीत परक्याचे वाटते त्यांनी तो चित्रपट अवश्य पाहावा.

तालीम मिळाली म्हणजे काय होते याचे उलट उदाहरण १९५९चे आहे. शोस्ताकोविच यांनी आपल्या पहिल्या चेलो-कॉन्चेर्टोची प्रत रोस्त्रोपोविच यांना दिली. त्यांनी चार दिवसांत ती मुखोद्गत केली आणि ६ ऑगस्ट रोजी पियानोच्या साथीवर, समोर कागद न ठेवता, रचनाकाराला वाजवून दाखविली. ऑक्टोबरच्या ४ तारखेस लेनिनग्राडला तिचा पहिला प्रयोग झाला. तो चालविणारे म्राविन्स्की हे परिचित रचनांच्याही नव्याने कसून तालमी घेण्याबद्दल प्रसिद्ध होते. रचना पहिल्याच दिवशी उभी राहिली ती आजतागायत उभी आहे.

याच रोस्त्रोपोविच यांच्यासाठी पोलंडचे लुटोस्लाव्स्की यांनी केलेला कॉन्चेर्टो १९७० साली लंडनला प्रथम वाजला. त्याचा आरंभ ऐकून आपल्याकडचा कोणीही दचकणार नाही. चेलो एकटाच एकच स्वर, सारख्या अंतराने, जणू कोणाला काही सांगायचेच नाही अशा उदासीन वृत्तीने वाजवीत राहतो. मध्येच इकडे-तिकडे रेंगाळतो, पुन्हा त्याच स्वरावर येतो. आपल्याला वाटते, षड्ज लावून बसला आहे. एवढ्यात ट्रंपेट येतात आणि त्याचे बोलणे तोडतात. पुढे सारा वाद्यवृंद त्याच्यावर तुटून पडतो. आपल्याकडील श्रोत्याला हे संगीत कठीण वाटेल अशी भीती मला पूर्वी होती. आता वाटते, एकच स्वर दहा मिनिटे ऐकण्याची सवय ज्यांना आहे त्यांना या रचनेचे पहिले पाऊल लंडनकरांपेक्षा सोपेच जावे.

सभेत नव्या रचनेची जागा कोठे असावी, याविषयी संचालकांचे ठरलेले डावपेच असतात. बहुधा आरंभी एखादी छोटी ओळखीची रचना, मग नवा कॉन्चेर्टो, मग विश्रांती आणि शेवटी जुनी सिंफनी. नवी रचना शेवटी ठेवली तर लोक विश्रांतीतच घरी जातात. अगदी आरंभी ठेवली तर मुद्दाम उशिरा येतात. मध्ये ठेवली की सापडतात. यात थोडी लबाडी आहे, पण उंदराला पिंजऱ्यात आणण्यासाठी लावलेल्या खोबऱ्याइतकी ती निर्दय नाही.

आपल्या देशात हा प्रश्न आणखी बिकट झाला, कारण येथे तालमीला वेळ देऊ शकणारे वादकच थोडे. मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून आलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंद दिला. आपण आजवर मराठी-हिंदी चित्रगीतांत व्हायोलिनांच्या थव्याखाली जो खोल, ओलसर आवाज ऐकत आलो तो पुष्कळदा चेलोचाच होता. याच मंडळींतील माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा काढून मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या चौकात रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. अशी सभा आपल्याकडे त्यापूर्वी झालेली मला माहीत नाही. पण दिवसभर ध्वनिमुद्रणाच्या पाळ्या करणाऱ्या वादकांच्या जोरावर असा वाद्यवृंद किती दिवस तगणार? १९६०च्या दशकात गोन्साल्विस अमेरिकेस गेले आणि तो उपक्रम थांबला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचे नाव साऱ्या देशाच्या तोंडी बसविले, नाव घेणाऱ्या शंभरांतील नव्याण्णवांना ते कोणाचे हे ठाऊक नव्हते. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला तेव्हा त्यातील बरेच वादक कझाकस्तानसारख्या दूरदेशांहून आणावे लागले. त्या संस्थेने मुलांना शिकविण्याची शाळा काढली, हे मला सभांइतकेच महत्त्वाचे वाटते.

पण चेलोला नियमाने तालीम मिळाली असे एक ठिकाण आपल्या राज्यात, बालाघाटहून नैनपूर, जबलपूर, कटनी करीत गेले की लागते. ते म्हणजे मैहर. १९१८च्या सुमारास, म्हणजे एल्गार आपली धून टिपीत होते त्याच काळात, बाबा अल्लाउद्दीन खाँ मैहरला महाराजा ब्रिजनाथसिंग यांचे गुरू म्हणून आले. साथीच्या रोगात आईबाप गमावलेली पोरकी मुले त्यांनी गोळा केली आणि त्यांचा वाद्यवृंद उभा केला. तोच मैहर बँड. त्यात सतार, सरोद, इसराज, तबला होते. बंदुकीच्या नळ्या कापून बाबांनी केलेला नलतरंग होता. आणि त्या रांगेत व्हायोलिन व चेलोही होते. बाबांनी तरुणपणी कलकत्त्याला लोबो नावाच्या गोवेकर बँडमास्तरांकडे पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकून घेतले होते, म्हणजे गोव्याचा हात येथेही पोहोचला होता. या मुलांपुढे लिहिलेला कागद नव्हता. बाबा सांगत, मुले पाठ करीत, रोज, वर्षानुवर्षे. तेथे तास मोजायला कोणी कोट्स नव्हता आणि कोणी एल्गारही नव्हता. बाबांचा राग मात्र होता, आणि तो कोट्सपेक्षा भारी असे त्यांचे शिष्य सांगत. बाबा १९७२ साली गेले. बँड त्यांच्यामागेही राहिला आणि पुढच्या पिढ्यांनी तो वाजविला.

ऐकणाऱ्यालाही तालीम लागते. १९१९च्या श्रोत्याला ती घेता येत नव्हती. एकदा वाजले, हवेत विरले. पुन्हा केव्हा वाजेल कोणी सांगावे? आपल्या खिशातील यंत्रावर तीच रचना आपण दहादा ऐकू शकतो, आणि नेमके आपणच पहिल्या मिनिटाला बोट फिरवून पुढे जातो. मी हे दुसऱ्यांना म्हणत नाही. हा कॉन्चेर्टो मी प्रथम ऐकला तेव्हा अर्ध्यावर बंद केला होता.

आता आमच्या त्या संध्याकाळविषयी. बोरोदिनची सिंफनी आधी लावली. तिचा आरंभ सगळी तंतुवाद्ये मिळून एकाच जड, ठासून म्हटलेल्या वाक्याने करतात. मंडळी ताबडतोब सरसावून बसली. तिसऱ्या भागात हॉर्न हे वाद्य जुन्या काळच्या शाहिरासारखे एकट्याने गाऊ लागते. वकीलसाहेबांनी डोळे मिटले. शेवटच्या भागात तीन आणि दोन मात्रांचे खंड एकामागून एक धावतात. तेथे बुवांचा उजवा हात मांडीवर आपोआप पडू लागला. “हा तर आपला झपतालाचा भाऊ!” ते म्हणाले. चहा झाला. सगळे खुशीत होते.

मग एल्गार, अर्थात बार्बिरोली आणि द्यु प्रे यांचा. चेलो एकटाच चार भरदार स्वरमेळ ओढतो, जणू कोणी जिन्यावरून जड पावलांनी खाली येत आहे. क्लॅरिओनेट हळूच उत्तर देते. मग सगळे थांबते आणि व्हायोला ही मधली वाद्ये, कोणाच्याही आधाराशिवाय, एक लांब, झुलती धून म्हणू लागतात. लंडनच्या त्या रात्री याच जागेची मला नेहमी धास्ती वाटते. साऱ्या वाद्यवृंदात व्हायोलाकडे कोणाचे लक्ष नसते, आणि येथे साऱ्या रचनेचा भार त्यांच्यावर. तालीम नसेल तर ही धून उघडी पडते. त्यांच्याकडून चेलो ती उचलतो आणि मग ती कोठे कोठे नेतो ते शब्दांत सांगण्यासारखे नाही. शेवटी, सगळे धावपळीने संपत आले असताना, मागच्या संथ भागाची आठवण येते, आरंभीचे ते चार स्वरमेळ पुन्हा ऐकू येतात आणि दार ओढून घ्यावे तसा शेवट होतो.

कोणी काही बोलले नाही. शिक्षक म्हणाले, “फारच उदास आहे बुवा.” वकीलसाहेबांनी घड्याळ पाहिले. त्यांच्या कन्येला बोरोदिन आवडला होता आणि तिने तसे सांगितले. हे असेच होणार हे मला ठाऊक होते, म्हणून मी यंत्र बंद करावयास उठलो. तेव्हा तबलजी बुवा म्हणाले, “थांबा. ते मधले लोक एकटे वाजवतात ना, तेवढे पुन्हा लावा.”

लावले. मग त्यांच्या सांगण्यावरून तिसऱ्यांदा लावले. बाहेर पावसाची सर येऊन गेली होती. बुवा डोळे मिटून, बोटांच्या पेरांवर मोजीत बसले होते. मुलगी त्यांच्या बोटांकडे पाहत होती आणि तिचे ओठही मोजू लागले होते.

“नऊ आहेत,” बुवा शेवटी म्हणाले. “तीन, तीन, तीन. पण सम कोठे ठेवतो हा माणूस, ते अजून हाती लागत नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा ऐकू.”